आधी मेटासर्च, मग साधे सर्च इंजिन: कोकणच्या विषयांवर मराठीतून शोध घेण्याचा क्रम

संगणकावर मेटासर्च बसवून घेतलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: इतकी इंजिने एकदम चालतात, तरी हवे ते सापडत नाही. साध्या सर्च इंजिनावर भिस्त ठेवणाऱ्यांची तक्रार वेगळी: पहिल्या पानावर तीच ती हॉटेले आणि त्याच त्या बातम्या. दोन्हीकडे बिघाड साधनात क्वचितच असतो. शब्दांची तयारी न करता शोध सुरू केलेला असतो आणि साधन भलत्या टप्प्यावर वापरलेले असते. कोकणातल्या विषयांवर मराठीतून शोधताना या चुका जास्त महागात पडतात. मुळात मजकूर थोडा, आणि आहे तोही चार वर्तनींत विखुरलेला.

फरक थोडक्यात असा. साधे सर्च इंजिन स्वतः पाने फिरून बघते, त्यांची स्वतःची सूची ठेवते आणि त्या सूचीतून उत्तर देते. मेटासर्चकडे स्वतःची सूची नसते. ते तुमचा प्रश्न अनेक इंजिनांकडे पाठवते, आलेल्या याद्या एकत्र करते, तेच ते दुवे काढून टाकते आणि एक यादी दाखवते.

खाली एक उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: बारावीच्या मुलीला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांवर, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांवर, प्रकल्प करायचा आहे.

१. प्रश्न कुठल्या जातीचा, ते आधी ठरवा

दाभोळ-धोपावे फेरीबोट आज चालू आहे का, गुहागरात आता कुठले औषधाचे दुकान उघडे आहे, असले प्रश्न साध्या इंजिनाला विचारा. ते तुमचे ठिकाण ओळखते, त्याच्याजवळ नकाशा असतो. मेटासर्चला तुम्ही दापोलीत आहात की दादरला, हे ठाऊक नसते.

काही उत्तरे एकाच दारात मिळतात. तिथे कुठलेही इंजिन मध्ये घालू नका. समुद्राच्या लाटांचा इशारा आणि संभाव्य मत्स्य क्षेत्राची सूचना हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. वाऱ्यापावसाचा इशारा हवामान विभाग देतो. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर असतो. पावसाळी मासेमारी बंदीच्या यंदाच्या तारखा शोधयादीत बघितल्या तर गेल्या तीन वर्षांच्या बातम्या एकमेकींत मिसळून येतात. होडी समुद्रात न्यायची असेल तर असल्या यादीवर विसंबू नये. मत्स्यव्यवसाय विभागाचा आदेशच वाचावा.

उरले विखुरलेले विषय. थोडे वर्तमानपत्रात, थोडे शोधनिबंधात, थोडे कुणाच्या गावच्या पानावर, थोडे युनेस्कोच्या कागदात. कातळशिल्पे याच जातीतली. मेटासर्चचे खरे काम इथे आहे.

तपासा: उत्तर कुणाकडे असणार हे एका वाक्यात सांगता येते का? येत असेल तर सरळ तिथेच जा. येत नसेल तर पुढे वाचा.

२. शब्दांची यादी करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि निम्मे अपयश इथेच येते. कागद घ्या आणि विषयाला लोक काय काय म्हणतात ते सगळे लिहा. आमच्या उदाहरणात: कातळशिल्प, कातळ शिल्प असे तोडून, कातळशिल्पे, कातळशिल्पांचे, खोदचित्रे, सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) चित्रे. इंग्रजीत पेट्रोग्लिफ, जिओग्लिफ, रॉक आर्ट, आणि ‘कातळशिल्प’ हा मराठी शब्दच रोमन लिपीत. शिवाय गावांची नावे: बारसू, उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कुडोपी. नुसत्या विषयापेक्षा गावाचे नाव आणि विषय अशी जोडी नेहमी सरस ठरते.

मराठीच्या चार अडचणी स्वतंत्रपणे बघायला हव्यात.

पहिली, विभक्ती. आपण ‘आंबा’ शोधतो, लेखात ‘आंब्यावरील’ असते. इंग्रजी शब्दांची रूपे इंजिनांना चांगली कळतात, मराठी सामान्यरूपे तितकीशी कळत नाहीत. म्हणून ‘आंबा फुलकिडे’ आणि ‘आंब्यावरील फुलकिडे’ असे दोन वेगळे शोध घ्या. मराठी शब्दाला अवतरणचिन्हे लावाल तर नेमके तेच रूप मागाल आणि बाकीची रूपे गमावाल.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड त्यासाठी खास ‘ऱ’ वापरतात, काही साध्या र-ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आत मात्र वेगळी अक्षरे असतात. एका कीबोर्डवरून टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या पानाशी जुळेलच असे नाही. ‘ॲ’चीही तीच गत. उपाय सोपा आहे. असे अक्षर नसलेले रूप निवडा: ‘किनाऱ्यावर’ऐवजी ‘किनारा’ किंवा ‘किनारपट्टी’.

तिसरी, हिंदीची सरमिसळ. हापूसच्या गरात होणाऱ्या साका या दोषाची माहिती हवी म्हणून नुसते ‘साका’ टाकले तर राजपुतांचे साके आणि पंजाबातला साका ननकाना पुढ्यात येतो. ‘हापूस साका’ अशी जोडी द्या, इंग्रजीत ‘स्पाँजी टिश्यू’ आणि ‘अल्फान्सो’ द्या. विषयाचा खास मराठी शब्द नसेल तेव्हा शोधात ‘आणि’, ‘आहे’, ‘मध्ये’ असा एखादा शब्द घाला. हिंदी पाने बऱ्यापैकी मागे पडतात.

चौथी, जुनी इंग्रजी नावे. विजयदुर्ग जुन्या इंग्रजी कागदांत ‘घेरिया’ असतो, सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’, बाणकोटचा किल्ला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. इतिहासाचा विषय असेल तर ही नावे यादीत हवीतच. एरवी अठराव्या शतकातले सगळे कागद तुमच्या नजरेआड राहतील. वेंगुर्ले आणि वेंगुर्ला हा फरकही विसरू नका. काजूची जात शोधताना ‘वेंगुर्ला’ चालते, गावाची माहिती शोधताना दोन्ही लागतात.

सावध: सगळे शब्द एकाच शोधात कोंबू नका. एका वेळी दोन ते चार शब्द पुरेत. यादी आळीपाळीने वापरण्यासाठी आहे.

३. इंजिने निवडा: संख्या नको, स्वतंत्र सूच्या बघा

मेटासर्चमध्ये दिसेल त्या प्रत्येक इंजिनावर खूण करणे ही सर्वात मोठी चूक. डकडकगो बहुतांशी बिंगच्या सूचीवर चालते, याहूही बिंगवरच, स्टार्टपेज गूगलचे निकाल दाखवते. म्हणून बिंग, याहू आणि डकडकगो या तिघांनी एकच पान वर आणले तर त्याचा अर्थ तिघांची साक्ष मिळाली असा होत नाही. एकाच माणसाने तीन घरी सांगितलेली बातमी ती.

निवड अशी करा: गूगल, बिंग, ब्रेव्ह. या तिघांच्या सूच्या स्वतंत्र आहेत. चौथे मोजीक. तेही स्वतःची सूची ठेवते, मराठीत तोकडे पडते, पण इंग्रजी शब्दांच्या फेरीत इतरांना न सापडलेले पान कधी कधी देते. अभ्यासाचा विषय असेल तर शोधनिबंधांची इंजिने वेगळी चालू करा. विकिपीडिया चालू ठेवायला हरकत नाही. एवढ्यावर थांबा.

४. साधन बसवा

कोपर्निक एजंट, वेबफेरेट अशी जुनी डेस्कटॉप साधने डाउनलोडच्या पानांवर अजून दिसतात. ती घेऊ नका. असली साधने इंजिनांच्या निकालपानाचा साचा वाचून चालतात. साचा बदलला की ती निकामी होतात, आणि अनोळखी ठिकाणची जुनी फाइल संगणकावर चालवणे मुळातच धोक्याचे. इंजिनांनी अधिकृतपणे दिलेल्या सोयीवर चालणाऱ्या साधनांनाही अडचण आली आहे, कारण बिंगने इतर साधनांना निकाल पुरवणारी आपली शोध-एपीआय सेवा ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. काही विकत घेण्याआधी ते आज कशावर चालते, हे विचारा.

आजच्या घडीला मी सुचवतो ते सर्क्सएनजी. रोमन अक्षरांत एस-ई-ए-आर-एक्स-एन-जी असे शोधा. फुकट आणि खुल्या स्रोताचे आहे. लिनक्सवर थेट बसते. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप या वेगळ्या प्रोग्रॅममधून चालवावे लागते. संगणकाची रॅम ४ जीबी असेल तर डॉकरची ओढाताण होते, ८ असेल तर बरे. बसवण्याच्या आज्ञा प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच उतरवा, कारण त्या बदलत असतात. पाच गोष्टी मात्र स्वतः बघा.

पोर्ट, म्हणजे साधन ज्या क्रमांकावर उत्तर देते तो, उघडताना त्याच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहा, टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकड्यांत. म्हणजे साधन फक्त त्याच संगणकाला उत्तर देईल. घरात पाहुण्यांसाठी खोल्या असतील आणि सगळे एकाच वाय-फायवर असतील तर हे विसरून चालणार नाही.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये नमुन्याची गुप्त किल्ली असेल तर ती बदला.

थांबण्याची मुदत वाढवा. मूळ मुदत ३ सेकंदांची असते. सड्यावरच्या वाडीत मोबाइल हॉटस्पॉटवर एवढ्या वेळात निम्मी इंजिने उत्तरच देत नाहीत, आणि यादीत ती गैरहजर आहेत हे पटकन लक्षात येत नाही. मुदत ८ ते १० सेकंदांवर न्या.

भाषा आधी ‘सर्व’ ठेवा. ‘मराठी’ निवडली तर मराठीची सोय नसलेली इंजिने मदत करत नाहीत.

आणि पसंती कुकीत साठते, म्हणून हे काम खासगी खिडकीत करू नका. खिडकी बंद केली की इंजिनांची निवड पुसली जाते.

डॉकरची भानगड नको असेल त्यांनी फायरफॉक्समध्ये बुकमार्कचे एक फोल्डर करावे, त्यात गूगल, बिंग आणि ब्रेव्ह ठेवावे, आणि ‘सगळे टॅबमध्ये उघडा’ हा पर्याय वापरावा. तेच शब्द तिन्हीत टाकायचे. वेळ जास्त लागतो, पण पुढच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

सावध: आपल्या संगणकावर बसवलेले मेटासर्च तुम्हाला अदृश्य करत नाही. प्रश्न तुमच्याच जोडणीवरून जातो, इंजिनांना तुमचाच आयपी पत्ता दिसतो. दुसऱ्या कुणी चालवलेले सार्वजनिक मेटासर्च वापरले तर इंजिनांना तुमचा पत्ता कळत नाही, पण तुमचे शोध त्या चालवणाऱ्याला दिसू शकतात. आजारपण, कर्ज, कोर्टकचेरी असे शोध तिथे टाकताना हे ध्यानात असू द्या.

५. पहिली फेरी: मेटासर्चने गोळा करा

आता यादीतली पहिली जोडी टाका: ‘बारसू कातळशिल्प’. निकाल येताच दुवे उघडायला धावू नका. आधी बाजूला इंजिनांचे संदेश आणि प्रतिसादाचा वेळ दिसतो तो बघा. एखाद्या इंजिनापुढे ‘मुदत संपली’ किंवा ‘कॅप्चा’ (तुम्ही यंत्र नाही ना, याची परीक्षा) अशा अर्थाचा शेरा असेल तर ती यादी अपुरी आहे. मोबाइल इंटरनेटवर अनेक ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागे असतात, त्यामुळे गूगल लवकर अडवते. लागोपाठ शोधांचा सपाटा लावू नका. अडवलेच तर त्या इंजिनाला तासभर विश्रांती द्या, किंवा तेवढा एक शोध गूगलवर स्वतः घ्या.

मग यादी वाचा, पण वेगळ्या पद्धतीने. प्रत्येक निकालाखाली तो कुठल्या इंजिनांनी दिला त्यांची नावे असतात. जे पान जास्त इंजिनांना सापडले ते वर चढते. साहजिकच एकाच बातमीच्या नकला वर येतात, आणि एखाद्याच इंजिनाला सापडलेला शोधनिबंध किंवा ग्रामपंचायतीचे पान तळाशी जाते. तुम्हाला बहुधा तेच हवे असते. म्हणून पहिले पाच निकाल चाळा आणि थेट खाली जाऊन ज्यांच्यापुढे एकाच इंजिनाचे नाव आहे ते तपासा. दुसरे-तिसरे पानही बघा.

या फेरीत दुवे जमवा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवे शब्द जमवा. आमच्या उदाहरणातल्या मुलीला इथे ‘जांभा’, ‘लॅटराइट’, ‘सडा’ हे शब्द मिळाले आणि ‘कोकण जिओग्लिफ्स’ हे इंग्रजी नाव मिळाले. ते यादीत घालून तिने आणखी एकदा शोध घेतला, तेव्हा निकालांचा तोंडवळाच बदलला. त्यानंतर विज्ञानाचा विभाग निवडून इंग्रजी शब्दांची एक फेरी घ्या. शोधनिबंध मराठी शब्दांनी जवळजवळ मिळतच नाहीत.

सावध: मेटासर्चमध्ये खास चिन्हे वापरू नका. तुम्ही टाकलेली ओळ जशीच्या तशी सगळ्यांकडे जाते. तारखेची मर्यादा घालणारी गूगलची खूण इतर इंजिनांना नुसता शब्द वाटू शकते, आणि संकेतस्थळ मर्यादित करणारी खूण विकिपीडियाच्या शोधाला कळत नाही. निकाल शून्यावर येतात आणि आपण समजतो की माहितीच नाही.

तपासा: दोन नव्या जोड्या टाकूनही नवे पान किंवा नवा शब्द मिळत नाही ना? मग ही फेरी संपली.

६. दुसरी फेरी: साध्या इंजिनाने नेमके काढा

इथे मेटासर्च बंद करा. आता ठिकाणे ठाऊक आहेत, त्यांच्या आत शिरायचे आहे. गूगलवर रोमन लिपीत ‘साइट’, लगेच कोलन, मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता आणि पुढे शब्द असे लिहा. आंबा बागायतदाराला याचा मोठा उपयोग. तुडतुडे आणि फुलकिड्यांच्या फवारणीसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळापुरता शोध मर्यादित करा. औषध विकणाऱ्यांची पाने मग आड येत नाहीत.

पीडीएफ हवी असेल तर फाइलप्रकाराची खूण वापरा. इंजिन तुमचा शब्द बदलून भलताच शोध घेत असेल तर गूगलच्या साधनांत ‘शब्दशः’ हा पर्याय आहे. वर येणारा यंत्राने लिहिलेला सारांश उत्तर म्हणून उतरवून घेऊ नका. त्याखालचे दुवे उघडा.

चूक होते ती उलट्या क्रमाने. लोक आधी इथे येतात, एकच शब्द अवतरणांत घालतात, चार निकाल मिळतात आणि शोध सोडून देतात. मर्यादा घालण्याचे काम गोळा करून झाल्यावरच करायचे.

७. तारीख आणि मूळ कागद पडताळा

कातळशिल्पांचेच बघा. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे, महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातले एक, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. संभाव्य यादी म्हणजे जागतिक वारसा नव्हे. तरी ‘जागतिक वारसा’ असे मथळे सर्रास दिसतात. त्यात आता भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘भारताचे मराठा लष्करी भूदृश्य’ या नावाखाली बारा किल्ले प्रत्यक्ष जागतिक वारसा यादीत आले आणि त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आहेत. म्हणजे त्याआधीचे पान किल्ल्यांना संभाव्य म्हणेल आणि ते त्या दिवशी बरोबर होते. नंतरचे एखादे पान घाईत कातळशिल्पांनाही वारसा म्हणून टाकेल. दहा पानांनी एकच वाक्य लिहिले म्हणून ते वहीत उतरवू नका. युनेस्कोच्या संकेतस्थळावर दोन्ही याद्या आहेत, तिथे जाऊन नाव बघा.

शासन निर्णयाचेही तसेच. व्हॉट्सॲपवर आलेल्या निर्णयावर संकेतांक छापलेला असतो. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाका. कागद तिथे उघडला तर खरा. मासेमारी अनुदान असो की फळपीक विमा, पैसे किंवा कागदपत्रे कुणाला देण्याआधी हे एवढे कराच.

८. काहीच हाती लागले नाही तर

कागद आहे हे नक्की माहीत असून तो सापडत नसेल तर लिपीचा संशय घ्या. अनेक जुने मराठी सरकारी कागद युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. त्या खात्याची कुठलीही जुनी पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी अक्षरे आली तर ठीक. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ आला तर तो कागद श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. काहीच निवडता आले नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. या दोन्ही प्रकारांत देवनागरी शब्द टाकून तो कागद सापडेल याचा भरवसा धरू नका, मग इंजिने कितीही चालू करा. खात्याच्या संकेतस्थळावर वर्षवार यादीतून, शीर्षकावरून आणि क्रमांकावरून तो काढावा लागतो.

जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्हचा स्वतःचा शोध वापरा, त्यात पुस्तकांच्या आतल्या मजकुरातही शोधता येते. रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा १८८० चा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर, दहावा खंड, तिथे स्कॅन स्वरूपात आहे. शोधताना यादीतली जुनी नावे टाका आणि यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरे चुकलेली असतात हे धरून आखूड शब्द द्या.

मिळालेले पान त्याच दिवशी जपून ठेवा. पत्ता, बघितल्याची तारीख आणि कुठल्या शब्दांनी सापडले ते वहीत लिहा. शक्य असेल तर वेबॅक मशीन या इंटरनेट आर्काइव्हच्या सेवेवर त्याची प्रत साठवा. गावोगावची छोटी संकेतस्थळे नूतनीकरण न झाल्याने वरचेवर बंद पडतात. गूगलने पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणे २०२४ मध्येच थांबवले आहे, तेव्हा नंतर तिथून परत मिळेल असे धरून चालू नका.